कुणाच्या हातचं

लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या टिलमनांच्या घरात शिरायचं तर दारातच एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागे. हातात साखरेची पुडी असो, टोपलीत केक असो की गळ्याभोवती नवा रुमाल असो, एलायस टिलमन उंबऱ्यात उभा राहून विचारायचा, "कुणाच्या हातचं?" येणाऱ्याने म्हणायचं, "मोकळ्या हातचं." तसं खरेपणानं म्हणता येत नसेल, तर ती वस्तू बाहेरच्या बाकावर ठेवून आत यायचं. फिलाडेल्फियातल्या आपल्या काळ्या लोकांत ते घर या प्रश्नावरूनच ओळखलं जाई. पोरं गल्लीत खेळताना एकमेकांची सफरचंदं पळवायची आणि एलायसचा आवाज काढून विचारायची, "कुणाच्या हातचं?"

एलायस जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण प्रश्न काही दारातून हलला नव्हता. आता तो त्याची मुलगी हेस्टर विचारायची. आवाजही थेट बापाचा, भरदार.

गुलामांनी पिकवलेलं काही त्या घरात यायचं नाही. ऊस नाही, म्हणून साखर नाही. गोडाला मेपलच्या झाडाचा गूळ, तोही वसंत सरता सरता संपून जायचा. तांदूळ नाही. आणि कापूस तर सुताइतकासुद्धा नाही. उन्हाळ्यात सगळं शहर पातळ छापील कापडात वावरायचं, तेव्हा हेस्टर लोकरीचा झगा घालून घामाघूम होत सभेला जायची. मेणबत्तीची वातसुद्धा जवसाच्या धाग्याची. ती धूर फार करायची, त्यामुळे बैठकीच्या खोलीचं छत काळवंडलेलं असे. मोकळ्या मजुरांच्या हातच्या मालाचं एक दुकान मध्यंतरी गावात निघालं होतं. पण तिथलं कापड गोणपाटासारखं, आणि एलायसचा त्या दुकानदारावर भरवसा नव्हता. "शेत कुणी पाहिलंय?" असं तो म्हणायचा.

हे सगळं त्यानं उगीच आरंभलेलं नव्हतं. त्याच्या आजोबांनी मालकाकडून स्वतःला विकत घेतलं होतं. त्याचा बाप मोकळा जन्मला, तोही मोकळा जन्मला, आणि याचं त्याला ओझं वाटायचं. साऊथ स्ट्रीटवर त्याचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. गुलामांच्या हातचं काही न वापरण्याची शपथ घेतली त्या दिवशी त्यानं दुकानातले सुती सदरे, परकर, चादरी सगळं काढून गल्लीत ढीग घातला आणि म्हणाला, न्या. लोकांनी नेलं. पुढचं वर्षभर सगळी गल्ली टिलमनांचं दुकान अंगावर घालून हिंडत होती. दुकान मात्र मोडलं. मग तो गाडीवरून जुन्या लोकरी कोटांचा धंदा करू लागला आणि संध्याकाळी सभांमधून बोलू लागला. एकदा बोलून परतताना कुणीतरी दगड मारला, तेव्हापासून डाव्या कानानं त्याला ऐकू येईनासं झालं. तरी दारातला प्रश्न तो विचारायचाच, आणि उत्तरासाठी उजवा कान पुढे करायचा.

अशा घरात वाढलेल्या मुलीचं लग्न कसं व्हावं? सायरस नावाचा शिडं शिवणारा एक चांगला माणूस येत असे. हसरा होता, गाता गळा होता. पण जहाजांची शिडं सुती कापडाची. हेस्टरनं स्वतःच त्याला एकदा विचारलं, "तुझं काम कुणाच्या हातचं, सायरस?" तो थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. "माझ्याच हातचं समजत होतो मी," म्हणाला, आणि पुन्हा आला नाही.

बायकांची गुलामीविरोधी मंडळी दर गुरुवारी भरायची. हेस्टर तिथली चिटणीस होती आणि उत्तम बोलायची. मंडळीखेरीज तिला दुसरं जग उरलं नव्हतं. शेजारणी तिच्याकडे चहाला येईनाशा झाल्या होत्या, कारण चहाला गोडी नाही आणि वर बसल्या बसल्या आपल्या परकराची लाज वाटायची. घरात ती आणि तिची आई डॉर्कस, दोघीच. डॉर्कस सत्तरी ओलांडलेली, वाळकी, कमी बोलणारी.

डॉर्कस दक्षिणेकडची, कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावरची. मालकीण हवापालटासाठी उत्तरेला निघाली, तेव्हा तिची नेहमीची दासी बाळंत व्हायची होती, म्हणून ऐनवेळी डॉर्कसला बरोबर घेतलं. मालकीण इथं येऊन तापानं अंथरुणाला खिळली. आपल्या राज्याचा तेव्हा कायदा होता की बाहेरून आणलेला गुलाम इथं सहा महिने राहिला की तो मोकळा. मालकिणीला तापात हिशेब राहिला नाही. चर्चमधल्या तरुण एलायसला राहिला. त्यानंच डॉर्कसला सांगितलं, आणि एक दिवस ती पाण्याची बादली दाराशी ठेवून निघून आली. पाठीमागे बेटावर तिची पाच वर्षांची मुलगी राहिली. फिबी तिचं नाव. एलायसनं पुढे तिच्यासाठी किती खटपटी केल्या. दर वेळी तिकडून एकच उत्तर, विकायची नाही. मग उत्तरंही थांबली.

हे हेस्टरला माहीत नव्हतं असं नाही. रोज संध्याकाळी बाप प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचा, "आणि फिबीला." लहानपणी हेस्टरला वाटायचं, आमेनच्या आधी हा शब्द सगळेच म्हणतात. मोठेपणी ती सभेत सांगायची, "माझी सख्खी बहीण आजही साखळीत आहे," आणि बायका डोळे पुसायच्या. पण फिबी दिसायची कशी, हे तिनं आईला कधी विचारलं नव्हतं.

शेजारची सरीना धुणी धुवायची. तिच्या अंगणातल्या दोरीवर गावभरचं सुती कापड फडफडायचं, आणि कुंपणाच्या अलीकडे हेस्टरचे दोन लोकरी झगे लोंबत असायचे. शरदातल्या एका सकाळी सरीना कुंपणाशी आली.

"हेस्टर, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"तुझा बाप परवडला गं. तो निदान हसायचा." सरीनानं चिमटा दातात धरला, चादर टाकली, चिमटा काढला. "डॉर्कसआजी शनिवारी कुठं जाते?"

"चर्चमध्ये. बाकं पुसायला."

"मग आपलं चर्च हल्ली धक्क्यावर भरतं म्हणायचं."

"सरळ बोल."

"सरळच बोलते. आमच्या ह्यांनी तीनदा पाहिलं. दक्षिणेचं जहाज लागलं की आजी तिथं उभी. कापसाच्या गाठी उतरतात ना, त्यांना हात लावत. हमाल चिडवतात तिला. मी म्हटलं, तुमच्या मंडळीतल्या लव्हिनियाबाईंच्या कानावर जाण्याआधी तुझ्या कानावर गेलेलं बरं."

हेस्टर त्या शनिवारी आईच्या मागोमाग गेली. आई पुढं काठी टेकत, हळूहळू, पण कुठं वळायचं हे पायांना पाठ असल्यासारखी. धक्क्यावर माशांचा आणि डांबराचा वास, आणि ओळीनं रचलेल्या कापसाच्या गाठी, माणसापेक्षा उंच. एक हमाल ओरडला, "आली बघा आपली कापूसवाली आजी. काय आजी, आज काय भाव देतेस?"

"तुझ्या तोंडाचा काय भाव ते सांग आधी," डॉर्कस म्हणाली. बाकीचे हसले. स्पष्टच होतं की हे बोलणं जुनं आहे.

मग ती गाठींच्या कडेकडेनं चालू लागली. जिथं गोणपाट फाटलेलं होतं तिथं थांबायची, दोन बोटांनी कापसाचा पुंजका ओढून घ्यायची, डोळ्यांजवळ नेऊन तो दोन हातांनी ताणायची. कधी लगेच फेकून द्यायची. कधी बराच वेळ चिवडायची, आणि मग झग्याच्या खिशात घालायची.

हेस्टर पुढं झाली. तीस वर्षं अंगावर सुताचा धागा पडू दिला नाही, आणि आपली आई कापूस खिशात भरतेय, सगळ्या धक्क्यासमोर.

"आई."

डॉर्कसनं वळून पाहिलं. दचकली नाही. "आलीस? मला वाटलंच होतं, कधीतरी येशील."

"हे काय चाललंय? कुणाच्या हातचं आहे हे, ठाऊक नाही तुला?"

"तेच तर बघतेय," आई म्हणाली.

हेस्टरनं तिचा दंड धरून तिला एका उपड्या पिंपावर बसवलं. स्वतः उभीच राहिली. डॉर्कस खिशातला पुंजका काढून गुडघ्यावर पसरत बोलू लागली, लेकीकडे न बघता.

"आमच्या बेटावरचा कापूस वेगळा. धागा लांब, रेशमासारखा. हा बघ, असा. आखूड धाग्याचा आपला नाही. आमच्याकडे सरकी काढली की कापूस बायकांपुढे यायचा, निवडायला. पिवळं पान, काडी, डाग, सगळं हातानं काढायचं. मी तेच काम करायचे. फिबी माझ्या शेजारी बसायची. हात स्वस्थ राहायचे नाहीत तिचे. पुंजका घ्यायचा, मांडीवर ठेवून तळव्यानं वळायचा, अशी एवढीशी वात करायची, वर गाठ मारायची आणि ढिगात टाकायची. मुकादमानं पाहिलं तर मार मला. मी सगळ्या वाती शोधून उलगडून टाकायचे." ती थांबली. "निघायच्या दिवशी नाही टाकल्या. राहू दिल्या. म्हटलं, उन्हाळा सरला की येणारच आहे मी."

खाली पाण्यात एक होडी धक्क्याला घासत होती.

"आई, फिबी आता पन्नाशीची असेल. ती का वाती करत बसलीय?"

"तुला काय ठाऊक? तू चाळिशी ओलांडलीस म्हणून तुझ्या सवयी गेल्या?"

"अशी वात सापडली कधी?"

"नाही."

"मग हा कापूस खिशात कशाला?"

डॉर्कसनं पुंजका पुन्हा गोळा केला. "लांब धाग्याचा असला की ठेवते. तिचा नसेल, तर तिच्या शेजारी बसलेलीचा असेल. टाकून देववत नाही."

परतताना हेस्टर आईच्या एक पाऊल पुढे चालत होती. लोकांनी पाहू नये म्हणून, की आईचं तोंड आपल्याला दिसू नये म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दाराशी आल्यावर ती थांबली. सवयीनं प्रश्न जिभेवर आला. डॉर्कस बाहेरच्या बाकाकडे गेली, खिशातला कापूस काढून बाकावर ठेवला, आणि आत आली. सकाळी हेस्टरनं पाहिलं तर बाक रिकामा होता. वाऱ्यानं गेला असेल, असं तिनं मानून घेतलं.

थंडीत डॉर्कसच्या छातीत कफ धरला. सरीना मिऱ्यांचं झणझणीत कालवण वाडग्यातून आणायची, आणि दारातूनच म्हणायची, "मिरी परदेशातली, आतडी कसायाकडची, मीठ समुद्राचं. आता आत येऊ दे."

एक दिवस डॉर्कसनं भात मागितला. कॅरोलायनाकडची बाई ती, भाताशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नसे, आणि इतकी वर्षं तिनं तो शब्द काढला नव्हता. हेस्टरनं मक्याची पेज केली. डॉर्कसनं दोन घास खाल्ले, "छान झालीय," म्हणाली, आणि चमचा बाजूला ठेवला.

"हेस्टर, मला लिननमध्ये गुंडाळा, लोकरीत गुंडाळा, तुमच्या मंडळीला हवं ते घाला. माझं डोकं तेवढं माझ्या उशीवर असू दे."

"कुठली? पिसांची?"

"पिसं कधीच गेली गं तिच्यातली."

हेस्टरनं आईच्या मानेखालून उशी काढली. करडा लोकरी अभ्रा, कडेला आईचे बारीक टाके. तिनं दोन बोटं मावतील एवढं उसवलं आणि आत बोटं घातली. आत गच्च, मऊ, थंड. बोटांना लागल्या लागल्या तिला कळलं. कापूस तिनं पोरपणानंतर हातात धरला नव्हता, तरी हाताला तो आठवत होता.

या घरात, बापाच्या छताखाली, वर्षानुवर्षं, रोज.

"बाबांना ठाऊक होतं?"

"एकाच पलंगावर झोपत होतो आम्ही," डॉर्कस म्हणाली. "एकदा त्यांनी विचारलं, कुणाच्या हातचं. मी सांगितलं. मग त्यांनी दिवा विझवला."

हेस्टर उशी धरून उभी राहिली. शेवटी आईच्या डोक्याखाली ती परत ठेवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीशी उभी राहिली. हो म्हणायला तोंड उघडलं नाही. मयताला मंडळीच्या बायका येणार, अंघोळ घालणार, पेटीत निजवणार. या घरच्या उशीत गुलामांचा कापूस निघाला, तर गुरुवारी कुठल्या तोंडानं बोलायचं? आणि गुरुवार नसेल तर तिला होतं कोण?

तीन-चार दिवसांत, दुपारी, डॉर्कस गेली. उत्तर न मिळताच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आली. पुढे लव्हिनियाबाई, शाळा चालवणाऱ्या, ताठ, पांढऱ्या केसांच्या. एलायसच्या शेजारी उभं राहून त्यांनी शपथ घेतली होती. हेस्टरला लिहावाचायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी लिननची पांढरी चादर आणली होती आणि सुतारानं भुशाची एक लहान गादी पेटीत डोक्याशी घातली होती. सरीना गरम पाणी घेऊन आली होती. बायकांनी डॉर्कसला धुतलं, केस विंचरले, चादरीत घेतलं.

"ही जुनी उशी राहू दे बाजूला," लव्हिनियाबाई म्हणाल्या, आणि डोकं हलकेच उचलून उशी ओढली.

"नको," हेस्टर म्हणाली. "उशी आईबरोबर जाऊ दे."

तिनं उशी हातात घेतली, भुशाची गादी काढली, आणि उशी पेटीत ठेवली. ठेवताना तिनंच उसवलेल्या कडेतून पांढरा कापूस बाहेर आला. काही हेस्टरच्या काळ्या बाहीला चिकटला. खोलीतल्या सगळ्यांनी तो पाहिला.

लव्हिनियाबाईंनी तिच्या बाहीवरचा पुंजका उचलला. चष्म्यातून पाहिला. प्रश्न त्यांना विचारावाच लागला, कारण तो त्या घराचाच होता.

"कुणाच्या हातचं, हेस्टर?"

"त्या दुकानातला असेल की," सरीना घाईनं म्हणाली. "मोकळ्या मालाच्या दुकानातला. हो ना गं? मीच आणून दिला होता बहुतेक."

लव्हिनियाबाई हेस्टरकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत जरब नव्हती. हो म्हण, असंच त्यांचे डोळे सांगत होते. एवढं म्हण, आणि आपण पेटी झाकू.

हेस्टरनं बाहेर आलेला कापूस बोटानं आत सारला.

"माझ्या बहिणीच्या हातचं," ती म्हणाली.

सभेत ती हाच शब्द किती वेळा बोलली होती. तेव्हा बायकांनी डोळे पुसले होते. आज कुणी रुमाल काढला नाही. मागच्या दोघी एकमेकींकडे बघून शाल सावरत बाहेर गेल्या. तिसरी दारात घोटाळली आणि तीही गेली. लव्हिनियाबाईंनी पुंजका हेस्टरच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

"एलायसला माहीत होतं?"

"होतं."

बाईंनी डॉर्कसच्या कपाळावरचे केस सारखे केले. "गुरुवारी तुला हे सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. मी तुला गप्प बसू देणार नाही, आणि तुझ्या वतीनं बोलणारही नाही."

"बरं."

"डोकं धर त्या बाजूनं."

दोघींनी मिळून डॉर्कसचं डोकं उशीवर टेकवलं.

दफनाला चर्चची माणसं होती, सरीना आणि तिचा नवरा होता, धक्क्यावरचा तो तोंडाळ हमालसुद्धा टोपी हातात धरून लांब उभा होता. मंडळीतल्या फक्त लव्हिनियाबाई आल्या होत्या. त्या फाटकाशीच उभ्या राहिल्या आणि माती पडल्यावर निघून गेल्या.

हेस्टर घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. आईच्या पलंगावर उशीची जागा मोकळी दिसत होती, दबलेली. ती पलंगाच्या कडेला बसली. गुरुवारी काय बोलायचं ते जुळवू लागली. सुरुवातीची वाक्यं नेहमीचीच आली, लाखो लोक, साखळ्या, देवाचा न्याय. त्यात फिबी कुठं बसेना. फिबीचं काय ठाऊक होतं तिला? हात स्वस्थ राहायचे नाहीत, एवढंच.

झग्याच्या खिशात तो पुंजका होता. तिनं काढला. लांब धाग्याचा होता, हे आता तिलाही दिसत होतं. तिनं तो गुडघ्याच्या वर मांडीवर ठेवला आणि तळव्यानं पुढे सारला. जाड लोकरीवर कापूस नुसताच सरकला. तिनं झगा बाजूला करून उघड्या कातडीवर पुन्हा वळलं. या वेळी काहीतरी वातीसारखं झालं. गाठ मारायला बोटं उचलली, तर ते लगेच उलगडून पहिल्यासारखं पसरलं.

पाच वर्षांच्या पोरीला येत होतं ते. हेस्टरला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायला आता घरात कुणी नव्हतं. तिनं कापूस पुन्हा मांडीवर घेतला.